आधी घोडे मोजा

सात नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना अख्खं मैदान मावशी म्हणायचं. तिकीट घ्यायला येणारे म्हणायचे, शेजारच्या खिडक्यांवरचे कारकून म्हणायचे, आणि ज्यांना ती खिडकी बंद करायची होती ते साहेबसुद्धा मूड बरा असला की मावशीच म्हणायचे. बिनसलं की 'बाई'. त्या शनिवारी सकाळपासून ते 'बाई' म्हणत होते.

मावशी बावीस वर्षं घोड्यांच्या शर्यतीची तिकिटं विकत होत्या. त्यांच्या खिडकीवर पाटी होती, 'पहिल्यांदा आलात? इथे विचारा.' ज्याला खेळ कळतो त्यानं इतर खिडक्यांवर जायचं. आपण रेसकार्ड उलटं धरलंय हेही ज्याला कळत नाही, त्यानं मावशींकडे. काचेखालच्या फटीतून पैसे आत आले की मावशी त्यांच्यावर हात ठेवायच्या, पण उचलायच्या नाहीत. आधी समजावून सांगायच्या. समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला की मगच पैसे गल्ल्यात आणि तिकीट बाहेर. खिडकीबाहेर दोरीला तक्रारवही टांगलेली असायची, तशी ती प्रत्येक खिडकीला असायची. बावीस वर्षांत मावशींच्या वहीत एक ओळ पडली नव्हती. शेजारच्या आठ नंबरचे कारकून म्हणायचे, "मावशींची वही लग्नाळू मुलीसारखी आहे, कोरी करकरीत. आमची बघा, नातवंडं झाली तिला."

मी तिथे मशिन बसवायला आलो होतो. आमच्या कंपनीचं तिकिटाचं मशिन. पडद्यावर बोट ठेवा, घोडा निवडा, पैसे घाला, तिकीट घ्या, सव्वीस सेकंदांत मोकळे. नवख्यांसाठी त्यात माहितीचे चार पडदे हवे होते. काय लिहायचं ते शिकायला मला मावशींच्या पाठीमागे स्टूल टाकून बसवलं होतं. म्हणजे ज्यांची खुर्ची काढायची, त्यांच्याकडूनच धडे घ्यायचे. पहिल्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच म्हणाल्या, "ये इंजिनिअर, बस. सुरी चालवायला आलायस तर निदान धार कुठल्या बाजूला असते ते तरी शीक."

साहेबांची अट साधी होती. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, सहा शर्यती मिळून, माणशी सरासरी चाळीस सेकंदांच्या आत आली आणि वहीत एकही तक्रार पडली नाही, तर सातची खिडकी राहील. नाहीतर सोमवारी तिथे मशिन. मावशींची नोकरी जाणार नव्हती. त्यांना मागच्या खोलीत, परत आलेली तिकिटं तपासायला बसवणार होते. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती भिंतीवर उघडायची. "बावीस वर्षं माणसांशी बोलले, आता गठ्ठ्यांशी बोलायचं," एवढंच मावशी त्यावर म्हणाल्या होत्या. पण तेव्हापासून त्या डबा अर्धा टाकायला लागल्या होत्या, हे मी पाहिलं होतं.

स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. आधीच्या दोन शनिवारी सरावाला मी सरासरी काढली होती. बावन्न, मग सेहेचाळीस.

मावशींचं सांगणं मला एव्हाना पाठ झालं होतं. सुरुवात कायम एकाच वाक्यानं व्हायची. "आधी घोडे मोजा." समोरचा गोंधळून रेसकार्डावर बोट फिरवत मोजायचा. मग त्या सांगायच्या, "सगळ्यात सोपं तिकीट विन. तुमचा घोडा पहिला आला तर पैसे, नाकभर मागे राहिला तरी शून्य. लग्नात नवरदेव एकच असतो. दुसरं प्लेस. पहिला नाही आला, पण पुढच्यांत आला तरी पैसे. कमी मिळतात, पण रात्री झोप लागते. आणि पुढच्यांत म्हणजे कितव्यापर्यंत, ते घोड्यांच्या संख्येवर. आपल्या मैदानावर आठ किंवा जास्त धावले तर पहिले तीन. पाच ते सात असले तर पहिले दोनच. म्हणून मोजायला सांगितलं."

कुणी जास्तच हौशी असला तर पुढचं. "क्विनेला म्हणजे पहिले दोन कोण ते सांगायचं, क्रम कसाही. दोन्ही लेकरं घरी आली, आधी कोण आलं याच्याशी आईला काय? फोरकास्ट म्हणजे तेच दोन, पण क्रमासकट. थोरला आधी म्हणालात आणि धाकटा आधी आला, तर तिकीट फाडून टाका. आणि जॅकपॉट म्हणजे लागोपाठ पाच शर्यतींचे पाचही पहिले ओळखायचे. साखळी असते ती. एक कडी तुटली की हातात नुसतं लोखंड."

"मावशी, पण घोडा कुठला घेऊ?"

"ते मला कळत असतं तर मी काचेच्या या बाजूला बसले असते का, बाबा?"

मैदानावर काम करणाऱ्या कुणालाच तिकीट घ्यायची परवानगी नव्हती. मावशींनी आयुष्यात एकही तिकीट स्वतःसाठी छापलं नव्हतं.

प्लेस घेणाऱ्याला त्या शेवटी आणखी एक वाक्य सांगायच्या, आणि ते कधीच सोडायच्या नाहीत. "हा आकडा कार्डावरचा नाही बरं का, गेटमधला. फाटक उघडताना जेवढे घोडे उभे असतील तेवढेच धरतात. एखादा आधीच बाद झाला तर परत मोजा, आणि पटलं नाही तर फाटक उघडायच्या आत तिकीट परत आणा." हे वाक्य त्या इतक्या सरावानं झरझर बोलायच्या की मी मोजलं तेव्हा सहाच सेकंद भरले.

शेवटच्या शनिवारी साहेब पहिल्या शर्यतीपासून आमच्या मागे उभे होते. हातांची घडी, तोंडात लवंग. दर शर्यतीनंतर ते माझ्या वहीत डोकवायचे. मावशी मागे बघत नव्हत्या, पण त्यांची मान ताठ झाली होती. पहिल्या तीन शर्यतींत एक्केचाळीसच्या आसपास. चौथीत एक आजोबा कानाला हात लावून तीन-तीनदा विचारत राहिले, सव्वादोन मिनिटं गेली. पाचव्या शर्यतीनंतर मी बेरीज केली. दीडशे माणसं, सरासरी चाळीस पूर्णांक दोन.

"किती?" मावशींनी ओठ न हलवता विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवताना तो काचेला टक्कन लागला. शेवटच्या शर्यतीसाठी खिडकीबाहेर पस्तीसेक माणसांची रांग लागली होती.

आधी नवरदेव गेला. मग लेकरं घरी यायची बंद झाली. मावशी आता फक्त कामाचं बोलत होत्या. छत्तीस सेकंद, पस्तीस, अडतीस. मग एका बाईंना प्लेसचं तिकीट देताना त्यांनी ते शेवटचं वाक्य गिळलं. मी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्यालाही सांगितलं नाही. मला बरंच वाटलं, खोटं का बोलू? खिडकी वाचावी असं मलाही वाटत होतं. मी आकडा लिहिला, तेहेतीस.

तेवढ्यात काचेपुढे तो माणूस आला. साठीचा, रापलेला, अंगाला गवताचा आणि घोड्याचा वास. त्यानं एक जाड पाकीट फटीतून आत सारलं.

"ताई, मला तिकीट घ्यायचंय. कधी घेतलं नाही."

"तुम्ही तबेल्यातले मोतद्दार ना?" मावशी म्हणाल्या. "दादा, तुम्हाला बंदी आहे."

"काल होती. काल सुटलो नोकरीतून. एकतीस वर्षं झाली." तो हसला. "घोड्याचे चार पाय कळतात मला. हे तुमचं तिकीट नाही कळत. पाच नंबर. आमची ठमी."

रेसकार्डावर पाच नंबरच्या घोडीचं लांबलचक ऐटबाज नाव होतं. हिला ठमी म्हणणारा जगात हा एकच असावा.

"विन देऊ?"

"छे हो! पहिली नाही यायची. वय झालंय तिचं, आजची शेवटची शर्यत. वळणापर्यंत मागे राहील, मग बाहेरच्या बाजूनं निघेल. पुढचे दोन तिला सापडायचे नाहीत. तिसरी येईल." डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा तसं त्यानं सांगितलं. "तिसरीच."

"मग प्लेस घ्या. आठ धावतायत, पहिल्या तिनांत आली की पैसे. किती लावायचेत?"

"पाकीटभर. तबेल्यातल्या पोरांनी वर्गणी काढली, बूट घ्या म्हणाले."

मी वाकून काचेतून पाहिलं. त्याच्या उजव्या बुटाचा टाका उसवून अंगठा दिसत होता.

"सगळे?"

"अर्धे लावले तर ठमीला काय वाटेल?"

मागे साहेब खाकरले. मावशींचा हात पाकिटावर होता. तो तिथे नेहमीसारखा थांबला, म्हणजे थांबल्यासारखा झाला, आणि मग त्यांनी पाकीट उचललं. तिकीट बाहेर गेलं. मोतद्दारानं ते दोन्ही हातांत धरलं, कपाळाजवळ नेऊन आकडे वाचले आणि कठड्याकडे गेला. एकतीस सेकंद.

रांगेतली शेवटची तीन माणसं उरली असताना गेटकडून आरडाओरडा ऐकू आला. आठ नंबरच्या तांबड्या घोड्यानं गेटमध्ये शिरता शिरता मागचे पाय झाडले, जॉकीला खाली पाडलं आणि तो मैदानभर उधळला. लोक हसायला लागले. मग लाउडस्पीकर वाजला. "आठ नंबरचा घोडा बाद. त्याची तिकिटं परत घेतली जातील."

हसणाऱ्यांत मीही होतो. मावशींचा चेहरा पाहिला आणि माझं हसणं थांबलं. त्यांनी बोटांवर मोजलं नाही. मोजायचं काय होतं? आठातून एक गेला, सात. पहिले दोनच.

"इंजिनिअर," त्या हळूच म्हणाल्या, "पळ. बुटवाल्या दादांना घेऊन ये. अजून फाटक उघडलं नाही, तिकीट परत करता येईल."

"पण घड्याळ..."

"घड्याळ गेलं खड्ड्यात. मी गल्ला सोडून उठू शकत नाही. पळ म्हणते ना!"

साहेबांनी ऐकलं असावं. मी थांबलो नाही. घड्याळ स्टुलावर टाकलं आणि धावलो. खिडक्यांपासून कठड्यापर्यंत शंभरेक पावलं असतील, पण शेवटच्या शर्यतीला सगळी गर्दी तिथेच लोटलेली. मी माणसांच्या बगलांतून घुसत होतो. कुणाचा चहा माझ्यामुळे सांडला, शिव्या ऐकल्या. "अरे, डोळे भाड्यानं दिलेत का?" पाठमोरा प्रत्येक माणूस मला मोतद्दार वाटत होता. मी खाली बघत निघालो, बूट शोधत. कठड्याच्या अगदी टोकाला तो उसवलेला टाका दिसला.

"काका, तिकीट..."

त्यानं माझं मनगट धरलं. घोडे आवरणारा हात तो, मला हलता येईना. "गप. बघ आता."

घंटा झाली. गेटची फाटकं धाडकन उघडली. त्याच क्षणी मागे सगळ्या खिडक्यांवर तिकिटं देणं आणि परत घेणं बंद झालं असणार, हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं.

ठमी शेवटून दुसरी होती. मोतद्दार ओरडत नव्हता. नुसता पुटपुटत होता, "थांब. थांब ग. आत्ता नाही." वळण आलं आणि ती खरंच बाहेरच्या बाजूला निघाली. "आता जा," तो म्हणाला. ती पाचवी झाली, चौथी झाली. मी आयुष्यात देवाकडे फार काही मागितलेलं नाही. तेव्हा मागितलं, हिला दुसरी येऊ दे. शेवटच्या खांबाजवळ ती दुसऱ्या घोड्याच्या शेपटीपर्यंत पोचली आणि तिथेच राहिली.

तिसरी.

"काय सांगितलं होतं!" त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, मी कठड्यावर आदळलो. त्याचे डोळे भरले होते. "एकतीस वर्षं बघतोय रे. एकदा तरी पैसे लावून खरं करून दाखवायचं होतं. चल, ताईंना दाखवू तिकीट."

शंभर पावलं मी त्याच्याबरोबर चाललो. प्रत्येक पावलाला वाटलं, आता सांगावं. तो मला ठमीच्या जन्माची गोष्ट सांगत होता. मी सांगितलं नाही.

खिडकीशी पोचलो तेव्हा साहेब माझी वही उघडून बेरीज करून मोकळे झाले होते. मी पळालो त्यानंतरच्या तिघांची वेळ त्यांनी स्वतःच घेतली होती. "एकशे पंच्याऐंशी माणसं. एकोणचाळीस पूर्णांक सात." मग घसा साफ करून, जरा ओशाळून ते म्हणाले, "जमवलंत की, मावशी."

दिवसभरात पहिल्यांदाच 'मावशी'.

मावशी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मोतद्दारानं तिकीट फटीतून आत सारलं. मावशींनी त्यावर हात ठेवला.

"दादा, पैसे नाही मिळणार."

तो हसतच होता. "तिसरी आली, ताई."

"आली. पण आठवा घोडा बाद झाला. सात धावले. सात धावले की पहिले दोनच धरतात."

"तुम्ही तीन म्हणाला होतात."

साहेब पुढे झाले. "हे बघा, नियम तिकिटाच्या मागे छापलाय. पाटीवरही आहे. यात खिडकीची काही चूक नाही." त्यांनी मावशींकडे पाहून डोळ्यांनीच सांगितलं, आता गप्प बसा. आणि ते खरंही होतं. नियमानं मावशींची चूक नव्हती. हा माणूस तक्रार करणाऱ्यांतला नव्हता. तो तिकीट उचलणार होता आणि निघून जाणार होता.

"नियम छापलाय," मावशी म्हणाल्या. "पण ही खिडकी छापलेलं वाचता न येणाऱ्यांसाठी आहे. मी रोज सांगते ते वाक्य आज सांगितलं नाही. घाई केली. सांगितलं असतं तर आठवा पडल्याबरोबर तुम्ही तिकीट परत आणलं असतंत."

मोतद्दारानं तिकीट फटीतून परत ओढून घेतलं आणि म्हणाला, "आणलं असतं. बूट घेतले असते." त्यात राग नव्हता, म्हणून ऐकवत नव्हतं. "पण ती तिसरी आली ना?"

"तिसरी आली."

"मग माझं गणित चुकलं नाही."

"नाही. माझं चुकलं." मावशींनी आपली पर्स काढली. त्यानं लगेच हात वर केला.

"ताई, ठमी तुमची आहे का? ठेवा ती पर्स."

मावशींनी पर्स ठेवली. मग त्यांनी फटीतून हात बाहेर काढला, दोरीला टांगलेली वही आत ओढून घेतली आणि पहिलं पान उघडलं.

"बाई, काय करताय?" साहेब म्हणाले.

त्या लिहीत होत्या. सावकाश, शाळेतल्यासारखं. 'शेवटच्या शर्यतीत प्लेसचं तिकीट घेणाऱ्यांना गेटमधल्या घोड्यांचा नियम सांगितला नाही. एका ग्राहकाचं नुकसान झालं.' खाली स्वतःची सही. मग वही मोतद्दाराकडे वळवली. "इथे सही करा."

"मी तक्रार करत नाही."

"नका करू. साक्षीदार म्हणून करा."

त्यानं वाकडीतिकडी सही केली आणि तिकीट घडी घालून खिशात ठेवलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मावशी, फाडा ते पान. मी बघितलं नाही असं समजतो."

"पानांना आकडे आहेत, साहेब."

रविवारी घरी बसून मी ते गणित पुन्हा केलं. फक्त त्या एका माणसाला सहा सेकंद जास्त दिले असते, तर एकशे पंच्याऐंशी जणांच्या सरासरीत तीन शतांश सेकंदाची भर पडली असती. म्हणजे काहीच नाही. खिडकीही राहिली असती आणि वहीही कोरी. काचेमागे बसलेल्या माणसाला मात्र सरासरी दिसत नाही, समोरची रांग दिसते, आणि पाठीमागे कुणी खाकरत असेल तर तेवढंच ऐकू येतं. हे मी मावशींना कधीच सांगितलं नाही.

सोमवारी मी सातची पाटी उतरवली आणि मशिन लावलं. पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'आधी घोडे मोजा.' प्लेस दाबलं की गेटचं वाक्य यायचं आणि सहा सेकंद थांबायचं. तोवर पुढे जाता येत नव्हतं. साहेबांनी हातातल्या घड्याळाकडे बघत विचारलं, "हे सहा सेकंद कसले?"

"नियमाचे."

"काढता येतील?"

"नाही," मी म्हणालो. प्रोग्रामातल्या दोन ओळी खोडल्या की निघाले असते.

दुपारी मावशी मागच्या खोलीतून आल्या. बोटाला शाई, खांद्यावर धूळ. मशिनपुढे उभ्या राहिल्या आणि सगळे पडदे वाचले. शेवटच्या बटणावर बोट नेलं आणि मागे घेतलं, कारण त्यांना बंदी होती.

"वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण हे समजलं का, असं कुठे विचारत नाही."

"बटण घालतो, मावशी. 'समजलं' म्हणून."

"आणि 'नाही समजलं' म्हणूनही घाल."

"ते दाबलं तर मशिननं काय करायचं?"

मावशींनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मनातल्या मनात अंतर मोजत असाव्यात.

"माझ्या टेबलावर घंटा वाजू दे," त्या म्हणाल्या. "मी येते उठून."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी भिंतीतून वायर ओढत होतो.